मुख्य प्रशिक्षकाची सही

"तुमचे मुख्य प्रशिक्षक कोण?" पंचबाईंनी विचारलं.

"मी," डबल म्हणाला. हे एवढंसं उत्तर तो तीन आठवडे दाढी करताना आरशासमोर म्हणून बघत होता. त्यामुळे ते छान खर्जातलं आलं.

"इथे तसं लिहिलेलं नाही."

बाईंनी टीमशीट त्याच्याकडे फिरवली. टीमशीट म्हणजे लढतीआधी दोन्ही संघांनी भरून एकमेकांना द्यायचा कागद. वर कॉलेजचं नाव, मग कितव्या नंबरवर कोण खेळणार ती यादी, आणि तळाला दोन चौकटी: मुख्य प्रशिक्षकाचं नाव आणि त्याची सही. कागदांची अदलाबदल झाली की त्यात टिंबही बदलता येत नाही. नाहीतर समोरच्याची यादी बघून जो तो आपले खेळाडू वरखाली करील. आजची अदलाबदल दहा मिनिटांपूर्वीच झाली होती.

तळाच्या पहिल्या चौकटीत डबलच्या गोल, स्वच्छ अक्षरात थोरल्या सरांचं नाव होतं. दुसरीत थोरल्या सरांची सही होती. झोकदार, खाली लांबलचक शेपूट ओढलेली. तीसुद्धा डबलच्याच हातची.

डबलने दोन्ही चौकटी पुन्हा वाचल्या.

थोरले सर एकतीस वर्षं कॉलेजच्या टेनिस संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि मागच्या महिन्यात निवृत्त झाले होते. डबल अकरा वर्षं त्यांचा सहायक. रॅकेटांच्या तारा बघायच्या, बॉल मोजायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि टीमशीट लिहायची, ही सहायकाची कामं. सही तेवढी सर करायचे. मग पाच वर्षांपूर्वी एका सकाळी स्टोअररूममध्ये सरांनी तीनदा पेन उचललं, तीनदा खाली ठेवलं, आणि कागद डबलकडे सरकवला. "तूच कर. तुला येते." त्यावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. त्या दिवसापासून सरांच्या उजव्या मुठीत कायम एक बॉल असायचा. बॉल घट्ट धरला की हात थरथरत नसे. लोकांना ती ऐट वाटली. पुढे पुढे संघातली पोरंही मुठीत बॉल धरून कॉलेजभर फिरायला लागली, वर्गातसुद्धा.

तर आज, मुख्य प्रशिक्षक म्हणून आयुष्यातल्या पहिल्या सकाळी, डबलने अकरा वर्षांच्या सवयीने सरांचं नाव लिहिलं आणि पाच वर्षांच्या सवयीने सरांची सही ठोकली. वर शेपटीवर खूश होऊन फुंकरही मारली.

"सर कुठे आहेत?" पंचबाईंनी विचारलं. त्यांच्या कानामागे पेन्सिल होती आणि हातात नियमांचं पुस्तक, वर प्लॅस्टिकचं कव्हर, कडेला रंगीत चिठ्ठ्या.

चुकून लिहिलं, असं सांगावं तर पुढचा प्रश्न तयारच होता: मग सही कोणी केली?

"येतायत," डबल म्हणाला.

"नियम सतरा. कागदावर ज्याचं नाव, तोच कोर्टावरच्या खुर्चीत. वीस मिनिटं देते. नाही आले तर लढत समोरच्या संघाला."

वीस मिनिटं. आणि प्राचार्यांनी परवाच केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "पहिली लढत जिंका, पद कायम. हरलात तर स्पर्धेबाहेर, मग संघ कशाला आणि कोर्टं तरी कशाला? तिथे चौतीस गाड्या बसतात. मी मोजून घेतलंय." खरंच मोजून घेतलं होतं. बेसलाइनच्या मागे खडूच्या खुणा अजून दिसत होत्या.

डबल कुंपणाच्या कोपऱ्यात गेला आणि बायकोला फोन लावला. तिचं औषधांचं दुकान सरांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं.

"सरांना घेऊन ये. स्कूटरवर. आत्ता."

"का? आज तर तू मुख्य प्रशिक्षक झालास ना?"

"झालो होतो."

"म्हणजे?"

"पंधरा मिनिटं झालो होतो. मी कागदावर त्यांचं नाव लिहिलं."

मग ती म्हणाली, "आणि सही?"

डबल गप्प बसला. अकरा वर्षांच्या संसारात तिला त्याच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार पाठ झाले होते.

"अरे देवा," ती म्हणाली. "शटर ओढते."

लंबू धावत आला. तो संघाचा कप्तान. इतका उंच, की त्याच्याशी बोलताना डबलला आभाळ दिसायचं.

"सर, काय झालं?"

"काही नाही. वॉर्मअप करा."

"केला, सर."

"परत करा."

पोरांनी परत केला. पाच मिनिटांनी लंबू परत आला. डबलने परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा धापा टाकत होता. "सर, आता आम्ही दमलो. अजून मॅच व्हायचीय."

समोरच्या संघाचा प्रशिक्षक काळा गॉगल लावून बाकावर बसला होता आणि पाय हलवत होता. तो डबलच्याच वयाचा. अठरा वर्षांपूर्वी कॉलेज चषकाच्या फायनलला तो प्रेक्षकांत होता. त्या फायनलला, सगळं बरोबरीत असताना, शेवटच्या गुणावर डबलची पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली आणि दुसरी बाहेर. डबल फॉल्ट. चषक गेला आणि नाव चिकटलं. आता त्याचं खरं नाव मतदारयादीत काय ते उरलं होतं.

"काय डबल," गॉगल म्हणाला, "खुर्चीत बसायला माणूस मिळेना का? आमचा ड्रायव्हर देऊ?"

"येतायत."

"सावकाश येऊ देत. आम्हाला काय, बसल्या जागी जिंकलो तरी चालतं."

अठरा मिनिटं झाली. पंचबाईंनी कानामागची पेन्सिल काढली. डबलला तिचं टोक इतकं स्पष्ट दिसत होतं, की ते नुकतंच तासलेलं आहे हेही कळलं.

एकोणिसाव्या मिनिटाला स्कूटर कॉलेजच्या फाटकातून आत आली ती थेट कोर्टाच्या कुंपणाला लागूनच थांबली. मागे थोरले सर होते. गळ्याभोवती न्हाव्याचं पांढरं कापड, उजवा गाल चकचकीत आणि डाव्या गालावर वाळत आलेला साबण.

"वस्तरा गळ्यावर असताना ओढून काढलं हिने मला," सर उतरता उतरता म्हणाले. "न्हावी तर हात वर करून उभा राहिला. काय झालंय?"

"सर, मी..." डबलने आवाज खाली आणला. "मी सवयीने..."

सरांनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बाकीचं सांगावं लागलं नाही.

"गाढव," ते तेवढंच, मायेने म्हणाले आणि फाटकातून आत गेले. उजव्या मुठीत बॉल होता.

पंचबाईंनी टीमशीट टेबलावर ठेवली. "सर, ही सही तुमची?"

"माझीच."

"कधी केलीत?"

"सकाळी."

"म्हणजे सकाळी इथे येऊन सही केलीत, मग दाढीला गेलात, आणि अर्धी झाल्यावर परत आलात?"

"अर्धी झाल्यावर आठवलं, आज मॅच आहे."

पोरं हसली. बाईंच्याही ओठांचा कोपरा हलला असावा, पण तेवढ्यात गॉगल उठून टेबलाशी आला. "बाई, आमची हरकत आहे. आम्ही सकाळपासून इथे आहोत. हे गृहस्थ आत्ता पहिल्यांदा दिसतायत. सही पडताळून बघा."

नियम होता. हिरव्या चिठ्ठीचा. बाईंनी पेटीतून जुन्या टीमशीटांची फाइल काढली, पाच वर्षांची, आणि एक कोरा कागद सरांपुढे केला. "एकदा करून दाखवा, सर. झालं की लगेच सुरू करू."

सरांनी बॉल डाव्या हातात घेतला. पेन उचललं. डबलला वाटलं, आपण पुढे होऊन तो कागद खाऊन टाकावा. पेनाचं टोक कागदावर टेकायच्या आधीच नाचायला लागलं. सरांनी श्वास धरला आणि सही केली. ओल्या मातीवरून कोंबडी घाईने गेली असावी, तशी ती उमटली. शेपूट तर धड निघालीच नाही. निघाली ती कागदाच्या कडेवरून थेट टेबलावर गेली.

बाईंनी फाइलमधला एकेक कागद काढून शेजारी लावला. पाच वर्षांच्या सह्या, एकासारखी एक, जणू शिक्का मारलाय. आजच्या टीमशीटवरचीही तशीच. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"या सगळ्या जुळतात," त्या म्हणाल्या. "फक्त तुमची जुळत नाही."

"म्हणजे?" सर म्हणाले.

"म्हणजे कागदोपत्री तुम्ही तुम्ही नाही. ओळखपत्र आहे?"

"कोटात. कोट न्हाव्याकडे."

"बघा," गॉगल म्हणाला. "कोणीतरी धरून आणलाय."

सरांच्या डाव्या हातातून बॉल सुटला आणि टेबलाखाली घरंगळत गेला. तो धरायला उजवा हात पुढे आला आणि टेबलावर तसाच उघडा पडला. तो थरथरत होता. पेन शेजारच्या पाण्याच्या ग्लासला लागत होतं, टिक टिक टिक. बाई त्या हाताकडे बघायला लागल्या. गॉगलही बघायला लागला. एकतीस वर्षं ज्याच्या एका खाकरण्याने चार कोर्टं गप्प व्हायची, तो माणूस ग्लासाचा आवाज थांबवायला काय करावं हे शोधत होता.

"मी केली," डबल म्हणाला.

सगळे वळले.

"टीमशीटवरची सही मी केली. सरांना माहीतही नव्हतं, मला वाचवायला 'माझीच' म्हणाले. ते आपले दाढी करत होते." आता थांबलं तर धीर सुटेल म्हणून तो बोलतच सुटला. "अकरा वर्षं त्यांची सही बघतोय मी. डोळे मिटूनही येते. नाव चुकून लिहिलं, सही चुकून केली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं मात्र मुद्दाम बोललो. त्यांचा हात आत्ता हलणारच ना बाई, वस्तऱ्याखालून ओढून स्कूटरवर घातलंय त्यांना. बायको स्कूटर कशी चालवते ते तुम्ही पाहिलं नाहीत. माझाही हलतो."

"हलतो याचा," कुंपणापलीकडून बायको म्हणाली.

पंचबाई बराच वेळ पुस्तक चाळत होत्या. पानं लवकर सापडावीत म्हणून लावलेल्या रंगीत चिठ्ठ्यांत याची चिठ्ठी नव्हती. असं कोणी करील असं बहुधा कोणाला वाटलंच नव्हतं.

"खोटी सही," अखेर त्या वाचू लागल्या. "संघाचा एक सामना बाद. सही करणारा वर्षभर कोर्टाबाहेर. खुर्चीत कागदावरचाच माणूस बसेल." त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे सर बसतील. तुम्ही कुंपणाबाहेर. तिथून खेळाडूंशी बोलायचं नाही, खुणा नाहीत, खोकायचंही नाही."

"पण मी मुख्य प्रशिक्षक..."

"कुठे लिहिलंय?"

डबल निघाला. फाटकातून बाहेर पडताना गॉगल त्याच्या कानाशी म्हणाला, "पहिली चूक नाव, दुसरी सही. नावाला जागलास, डबल."

पाच सामने, तीन जिंकेल तो पुढे. डबलचा संघ खेळायच्या आधीच एक हरला होता. बायको स्कूटरवर बसली होती. डबल शेजारी उभा राहून कुंपणाच्या तारेत बोटं अडकवून बघत होता.

"पद गेलं का रे?" तिने विचारलं.

"हरलो तर कोर्टंही गेली."

"आणि जिंकलो तर?"

"माहीत नाही. असा प्रशिक्षक अजून कुठे झाला नसेल."

पहिला सामना जिंकला, दुसरा हरला. पण डबलचं गुणांकडे लक्ष नव्हतं. दर दोन गेमनंतर खेळाडू बाजू बदलायला यायचे, तेव्हा तो खुर्चीकडे बघायचा. तेव्हा प्रशिक्षकाने खुर्चीखालची बाटली उचलून खेळाडूच्या हातात द्यायची असते. पाच वर्षं त्या वेळी सर बोलायचे आणि बाटली डबल द्यायचा. आज सरांचे दोन्ही हात न्हाव्याच्या कापडाखाली होते. अख्खं मैदान बघत होतं. आता बाटली द्यायला हात बाहेर काढला की पाणी सांडणार, आणि डबलने एवढं सगळं केलं ते त्या पाण्याबरोबर वाहून जाणार.

लंबूचा सामना शेवटचा होता. पहिल्याच वेळी तो बाकावरून उठला, खुर्चीशी गेला, आणि सर हलायच्या आत वाकून बाटली स्वतःच काढली. झाकण उघडून खेळणाऱ्या पोराच्या हातात दिली. मग टेबलाखालचा बॉल शोधला, शर्टाला पुसला आणि सरांकडे न बघता कापडाखाली त्यांच्या मांडीवर ठेवला. पुढच्या वेळी दुसऱ्याने तसंच केलं. मग तिसऱ्याने. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या हातांना ते आधीपासून ठाऊक होतं.

डबलची बोटं तारेतून सुटली.

"यांना माहीत होतं," तो बायकोला म्हणाला.

"कोणाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "सरांच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात."

"मला का नाही बोललीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

तिसरा सामना जिंकला. दोन-दोन. आता लंबू.

लंबूने पहिला सेट घेतला, दुसरा घालवला, तिसरा बरोबरीत नेला. टायब्रेक. ऊन डोक्यावर आलं होतं. सरांच्या डाव्या गालावरचा साबण वाळून त्याच्या खपल्या पडत होत्या. एक गुण हवा होता आणि सर्व्हिस लंबूची होती. डबलने डोळे मिटून घेतले आणि कपाळ तारेला टेकवलं.

"काय चाललंय सांग," तो म्हणाला.

"बॉल आपटतोय. अजून आपटतोय. उडवला." नेटच्या पट्टीचा आवाज डबललाही ऐकू आला. "पहिली नेटमध्ये."

अठरा वर्षांनी तोच आवाज.

"लंबू काय करतोय?"

"सरांकडे बघतोय."

"आणि सर?"

"सर गाल खाजवतायत."

"कुठल्या हाताने?"

"उजव्या. कापडाबाहेर काढून. अरे, काय करायचंय तुला? उडवला." ती थांबली. "आत पडला. त्याने परत मारला. आपल्याने मारला. परत त्याने... अरे, पळ ना लंब्या... मारला... बाहेर गेला. त्याचा बाहेर गेला. डोळे उघड, मेल्या, जिंकलो."

अर्ध्या तासाने प्राचार्य आले. निकाल ऐकून अभिनंदन केलं आणि बाकीचं ऐकून कपाळ चोळलं. "म्हणजे जिंकलात म्हणून पद कायम. पण वर्षभर कोर्टावर येता येणार नाही?"

"नाही, सर. सराव घेता येईल. लढतीच्या वेळी बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे उभे राहणार?"

डबलने स्कूटर दाखवली. प्राचार्यांनी बेसलाइनमागच्या खडूच्या खुणांकडे एकदा पाहिलं. "एका गाडीची जागा मिळेल तुम्हाला," ते म्हणाले आणि गेले.

पंचबाईंनी सरांची ती नवी, वाकडीतिकडी सही फाइलच्या वरच लावली. "यापुढे हीच धरणार," त्यांनी बजावलं. "प्रत्येक लढतीला माझ्यासमोर करायची. जुनीसारखी आली तर चालणार नाही."

पोरं बॅगा भरत होती. लंबू कुंपणाशी आला, तेव्हा डबलने विचारलं, "कधीपासून कळलं होतं तुम्हाला?"

"पहिल्या वर्षापासून, सर."

"मग मुठीत बॉल धरून कसले फिरायचात, ऐटीत?"

लंबू पायाने माती उकरत राहिला. "सगळ्यांच्या हातात असला की सरांचा वेगळा दिसत नाही ना, सर," तो म्हणाला आणि बॅग उचलून गेला.

कोर्टावर सर एकटेच उरले होते. ते कापड सावरत कुंपणापाशी आले. मध्ये तार होती. फाटक वीस पावलांवर होतं, पण डबलला आज आत पाऊल टाकायची मनाई होती आणि सरांना एवढं चालायचा कंटाळा.

"डबल, एकदा करून दाखव रे."

"काय, सर?"

"माझी सही."

डबलने खिसे चाचपले. कागद नव्हता. बॉलवर कॉलेजची खूण करायचं काळं मार्कर पेन मात्र होतं. सरांनी मुठीतला बॉल पाहिला, दोन पावलं मागे सरकले आणि हात फिरवला. बॉल कुंपणावरून उंच गेला आणि बरोबर डबलच्या छातीशी आला. त्याला हातही लांब करावा लागला नाही.

त्याने बॉलवर सही केली. खडबडीत पृष्ठभागावर शेपूट ओढायला वेळ लागला. मग बॉल परत फेकला. सरांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि उन्हाकडे फिरवून, डोळे बारीक करून पाहिला.

"शेपूट एवढी लांब काढायचो मी?"

"हो, सर. कधी कधी खालच्या ओळीवर जायची."

सर बघत राहिले. "छान होती," ते म्हणाले.

बायकोने स्कूटर चालू केली. सर फाटकाने फिरून आले आणि मागे बसले. "चल पोरी, सावकाश ने. न्हावी वस्तरा धरून उभा असेल अजून." एक हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला. दुसरा, बॉलसकट, कापडाखाली घेतला. स्कूटर वळली तेव्हा ते पांढरं कापड वाऱ्याने फुगलं होतं, पण त्याच्या आतली मूठ जिथे होती, तिथे ते हलत नव्हतं.